रबराखालचा निळा रंग

शार्लटव्हिल, टोबॅगो
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय हॉलिस,

ताईला आज पत्र लिहायची आठवण कशी झाली, असं तुला वाटेल. काम आहे म्हणून झाली. ख्रिसमसला तू दोन ओळींचं कार्ड पाठवलंस आणि मी तेवढंही पाठवलं नाही. तेव्हा रुसवेफुगवे बाजूला ठेवू आणि मुद्द्याचं बोलू.

तुझ्या भावजींचा, कथबर्टचा, उजवा हात आणि पाय अजून तसाच आहे. ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना स्कारबरोच्या हॉस्पिटलात व्यायामाला न्यावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, सहा महिने नेमाने आणलंत तर काठी घेऊन चालतील, नाहीतर आहेत तसे राहतील. त्यांना नेमाने म्हणायला काय जातंय. सकाळची बस मनात आलं तर येते. आली की ड्रायव्हर काखेत हात घालतो, मी पाय उचलते, आणि अख्खी बस आमच्याकडे बघत बसते. गेल्या मंगळवारी परत येताना त्यांना लघवी आवरली नाही. या गावातल्या निम्म्या माणसांना ज्याने शाळेत उभं राहायला शिकवलं, तो हेडमास्तर घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. घरी पोचल्यावर मी ठरवलं की गाडी घ्यायची.

विमानतळाजवळची तुझी जुनी कंपनी परदेशी पाहुण्यांना भाड्याने देऊन झालेल्या गाड्या विकते आहे. मी जाऊन बघून आले. एक पांढरी, चार दारांची जपानी गाडी मला पटली. तिची सीट बरोबर कथबर्टच्या गुडघ्याच्या उंचीची आहे, त्यांना नुसतं सरकून बसता येईल. चालवणार मीच. बाबांची जीप मी चालवायचे ते तू विसरला नसशील, मागे तूच बसायचास आणि ओकायचास.

तू तिथे अकरा वर्षं गाड्यांखाली झोपून काढलीस. घेऊ की नको, एवढं कळव. तू एकाएकी बोट पकडून त्रिनिदादला का गेलास, हे मी विचारत नाही.

तुझी,
व्हर्लिनताई

*

अरिमा, त्रिनिदाद
१३ फेब्रुवारी १९९६

प्रिय ताई,

भावजींचं वाचून वाईट वाटलं. मी यायला हवं होतं. आलो नाही.

गाडी घेऊ नकोस. भाड्याच्या गाडीला मालक नसतो. आज एक चालवतो, उद्या दुसरा. खड्डा आला तर कुणी ब्रेक मारत नाही. पाहुणे किनाऱ्यावर वाळूत गाडी घालतात, खारं पाणी खालून लागतं आणि पत्रा आतून खातं. वरून रंग मारला की तुला काही कळणार नाही. मी स्वतः असे रंग मारले आहेत.

दोन महिने थांब. इथे माझ्या गॅरेजात एका शाळामास्तरांची गाडी येते, ते ती विकणार आहेत. मी स्वतः सगळी खोलून बघेन आणि बोटीवर चढवून देईन.

तरी त्या गाडीचं एक बघून कळव. ड्रायव्हरच्या मागचं दार उघड. कडेचं रबर बोटाने जरा उचल. आत कोणता रंग आहे ते लिही. तिथे कुणाला काही विचारू नकोस आणि माझं नाव काढू नकोस.

हॉलिस

*

शार्लटव्हिल
२४ फेब्रुवारी १९९६

हॉलिस,

दोन महिने थांब म्हणतोस. कथबर्टच्या पायाला तू पत्र लिहून थांबायला सांगितलंस का?

तुला मी घरी वाढवलं, आपल्याला सांभाळणारी मावशी गेल्यावर तुझ्या डोक्यात तेल मीच घातलं, म्हणून स्पष्ट लिहिते. त्या कंपनीतून तुला काढलं असेल किंवा तू भांडून निघाला असशील. तो राग तुझ्यापाशी ठेव. ज्या जागेने अकरा वर्षं तुला खायला घातलं तिथली एकही गाडी धड नाही, असं आता अरिमात बसून सांगायचं हे मला पटत नाही. मोठ्या बेटावर गेल्यापासून माणसाला धाकट्या बेटावरचं सगळंच कुजकं दिसायला लागतं.

रबर उचलून पाहिलं. आत निळा रंग आहे. मी काही दूधखुळी नाही. गाडी चोरीची आहे की काय, हेच तुला बघायचं होतं ना? मी कागद मागितले, सगळे कंपनीच्या नावावर आहेत. निळी गाडी पांढरी केली, कारण पांढरी उन्हात कमी तापते, असं तिथला माणूस म्हणाला. मला ते पटलं.

तोच माणूस बुधवारी गाडी आमच्या दारापर्यंत दाखवायला घेऊन आला. कथबर्टना बसवून पाहिलं. ते आपणहून पाय आत घेऊन बसले आणि हसले. झटका आल्यापासून त्यांचं तोंड एका बाजूने हसतं, पण हसले.

शेजारी लिअरी ओट्यावर जाळं विणत बसला होता. गाडी थांबल्याबरोबर उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं. तुला आठवत असेल, तू गेलास त्याच्या आदल्याच महिन्यात त्याच्या अपघाताच्या खटल्याचा निकाल लागला. तुमच्या कंपनीची गाडी घेऊन तो पाहुण्यांना इकडे आणायचा. परत जाताना स्पेसाइडच्या उतारावर त्याने नळावर उभ्या असलेल्या टँटी इनिडला उडवलं, पावाची टोपली डोक्यावर असतानाच, आणि ती जागीच गेली. ब्रेक लागला नाही, असं तो कोर्टात शेवटपर्यंत म्हणत राहिला. पण गाडी तपासली तर ब्रेक ठणठणीत, आणि हा दुपारी प्यायलेला होता हे सिद्धच झालं. आठ महिने आत राहून आला. बायको निघून गेली. लायसन गेलं ते गेलंच, पण आता कुठलीही गाडी दिसली तरी असाच आत जातो. टँटी इनिड एकट्या स्पेसाइडची नव्हती, आमचीही टँटी, सख्ख्या आत्यासारखी, होती, म्हणून गावात त्याच्याशी कुणी फारसं बोलत नाही. मीही बोलत नाही.

८ मार्चच्या शुक्रवारी मी गाडी ताब्यात घेणार आहे. तुला कळवलं, कर्तव्य संपलं.

व्हर्लिन

*

अरिमा
४ मार्च १९९६

ताई,

तुझं पत्र आज मिळालं. हे तुला शुक्रवारच्या आत मिळेल की नाही माहीत नाही.

गाडी घेतलीस तरी चालवू नकोस. आधी ब्रेकचे सगळे पाइप बदलून घे. सगळे म्हणजे सगळे, दोन्ही बाजूंचे. त्या कंपनीच्या माणसाकडून करून घेऊ नकोस. दुसरा मेकॅनिक बोलाव. का ते विचारू नकोस. भावजींना त्यात बसवू नकोस.

हॉलिस

*

शार्लटव्हिल
१२ मार्च १९९६

हॉलिस,

तुझं चार तारखेचं पत्र काल, सोमवारी आलं. त्याआधी शनिवारी दुकानातल्या मिसेस ट्रिम धापा टाकत वर आल्या. तुझा भाऊ त्रिनिदादहून तीनदा फोन करतोय म्हणाल्या. ताईला सांगा गाडी डोंगरावरून उतरवू नको, एवढंच बोलतो आणि ठेवून देतो. तू रडत होतास की प्यायला होतास, त्यांना कळलं नाही. आता सगळ्या गावाला माहीत आहे की माझ्या भावाला वेड लागलं आहे.

तोवर मी गाडी घेऊन आले होते. शुक्रवारी कथबर्टचा व्यायाम बुडवून एकटीच विमानतळापासून निघाले आणि स्पेसाइडचा डोंगर चढून आमच्या बाजूला उतरले. ब्रेक लागत होते. जरा मऊ वाटले, पण मी वीस वर्षांत गाडी चालवली नव्हती, मला वाटलं असेच असतात. तुझा निरोप मिळाल्यापासून गाडी फाटकाशी उभी आहे. आज कथबर्टना पुन्हा बसने नेलं. त्यांनी विचारलं, गाडी असून बस का? त्यांचे शब्द नीट उमटत नाहीत, पण हे नीट उमटलं.

आणि रविवारी हे झालं. मी चर्चमधून आले तेव्हा लिअरी माझ्या फाटकाशी गाडीखाली डोकं घालून आडवा पडला होता. काय करतोस रे, म्हणून मी ओरडले. तो सावकाश उठला. पुढच्या डाव्या चाकावर जिथे पत्रा किंचित वर आला आहे, तिथे त्याने तळहात ठेवला. माझ्या वर्गात उभा असल्यासारखा म्हणाला, "टीचर, ही तीच गाडी आहे." मग घरी निघून गेला.

हॉलिस, मी तुला नीट विचारते आहे आणि एकदाच विचारते आहे. ही तीच गाडी आहे का? आणि असेल, तर ब्रेकचे पाइप दोन्ही बाजूंचे बदल, असं तू मला का लिहिलंस?

व्हर्लिन

*

अरिमा
१८ मार्च १९९६

ताई,

हो. ती तीच गाडी आहे. रबराखाली निळा रंग आहे असं तू लिहिलंस, तेव्हाच मला कळलं. निळ्या गाड्या कंपनीकडे तीन होत्या. पांढरी फक्त एक केली. ती मी केली.

आता सगळं लिहितो. याआधी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी मी गाडी बघत होतो. उजवीकडून मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजला होता. जोडापाशी ओल होती. बोट लावलं तर ब्रेक ऑइल. मी साहेबांना सांगितलं, ही आज जाऊ शकत नाही. ते म्हणाले, विमान उतरलं आहे, पाहुणे बाहेर उभे आहेत, दुसरी गाडी नाही. टाकीत ऑइल भर, पाइप उद्या बदल. मी भरलं. रोजच्या तपासणीच्या कागदावर ब्रेकपुढे बरोबरची खूण केली आणि सही केली. साहेबांनी माझा हात धरून नाही करवली. मीच केली. मला वाटलं, एक दिवस निघेल.

संध्याकाळी बातमी आली. दुसऱ्या दिवशी ट्रकने गाडी ओढून आमच्या आवारात आणली. तपासणीस त्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. साहेब म्हणाले, पाइप आज बदल. मी बदलला. नवा दिसू नये म्हणून त्यावर माती आणि ग्रीस चोळलं. तपासणीसांनी पेडल दाबून पाहिलं आणि लिहिलं, ब्रेक उत्तम.

लिअरी खरं बोलत होता. पेडल दाबलं आणि पाय खालपर्यंत गेला, असं तो कोर्टात म्हणाला. ते अगदी तसंच होतं. मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. तो प्यायला होता असं बाहेर आलं तेव्हा मी स्वतःला सांगितलं, मग दोष थोडा त्याचाही असेल. ते धरूनच मी बोटीत चढलो.

त्या दिवशी मी एकच पाइप बदलला, उजवा. डावाही तेवढाच जुना होता. नंतर कुणी बदलला की नाही मला माहीत नाही. म्हणून फोन केला. फोनवर मिसेस ट्रिमना काय सांगणार होतो?

हे पत्र तू लिअरीला दाखव. पोलिसांना दाखव. तुला हवं ते कर.

हॉलिस

*

शार्लटव्हिल
२६ मार्च १९९६

हॉलिस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यात टँटी इनिडचं नाव शोधलं. तू ते लिहिलेलं नाहीस. पाइप, पेडल, सही, सगळं आहे. एक बाई मेली हे तुझ्या हातून लिहिलं गेलं नाही.

स्कारबरोहून एक मेकॅनिक बोलावला. त्याने गाडी जॅकवर घेतली आणि मलाही वाकून बघायला लावलं. डावा पाइप नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. त्याने विचारलं, "बाई, यावर किती डोंगर उतरलात?" मी म्हटलं, एक. म्हणाला, "नशीब समजा. दुसरा कदाचित उतरला नसतात." तुझा निरोप आला नसता तर पुढच्या मंगळवारी त्या सीटवर कथबर्ट असते. ते हसले होते ना, त्याच सीटवर.

तुला आणखी बोलणार होते. पण आता मलाही काही लिहायचं आहे. तू मागच्या बाकावर होतास म्हणतोस, तर मला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिलेलं तू पाहिलं असशील. लिअरी दुपारी प्यायला होता, हे बाहेर कसं आलं? मी सांगितलं. आणि तो कुठे प्यायला? माझ्या घरी. कथबर्टचा साठावा वाढदिवस होता. पाहुणे समुद्रात पोहत होते, म्हणून लिअरी जेवायला आला. खेकडा आणि डम्पलिंग केलं होतं. तो नको म्हणत होता, गाडी चालवायची आहे म्हणत होता. मी म्हटलं, हेडमास्तरांच्या नावाने एक तरी घे. मी माझ्या हाताने एक लहान पेला भरला. त्याने तो जेवणाबरोबर संपवला आणि त्यानंतर दोन तास माझ्या ओट्यावर झोपला.

पोलिसांनी विचारलं, तो प्यायला का? मी म्हटलं, हो. किती, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वकिलानेही विचारलं नाही. मला टँटी इनिडचा राग आला होता, म्हणजे तिच्या मरणाचा, आणि तो कुणावर तरी काढायचा होता. शिवाय पेला मी भरला हे गावाला कळायला नको होतं. शेजारी राहून मी त्याच्याशी बोलत नाही, असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं. कशी बोलणार? त्याच्या ओट्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

पण तुझं पत्र मी लिअरीला वाचून दाखवणार नाही. तुझ्याऐवजी मी का वाचू? बोटीने ये. त्याच्या ओट्यावर उभा राहून सांग. मग स्पेसाइडला इनिडच्या मुलीकडे, ऑर्फाकडे जा. मग पोलिसांकडे. ईस्टरच्या आठवड्यात ये, गर्दी असेल तरी ये. आधी माझ्या घरी जेव. उपाशीपोटी तुला बोलता येत नाही.

ताई

*

अरिमा
१४ एप्रिल १९९६

ताई,

मी जेवलो आणि तुझ्याशी नीट न बोलताच परतलो. लिअरीकडे काय झालं ते तू विचारलंस, मला तेव्हा सांगता आलं नाही. आता लिहितो.

मी गेलो तेव्हा तो जाळं विणत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने हातातली सुई थांबवली नाही. माझं संपल्यावर त्याने जाळ्याची हातातली ओळ पुरी केली. मग विचारलं, "किल्ली मला कुणी दिली होती?" मी म्हटलं, मी. म्हणाला, "आणि देताना काय म्हणालास?" मला आठवत होतं, पण त्यानेच सांगितलं. "तू म्हणालास, उतारावर सांभाळून जा. तू मला तसं कधी म्हणायचा नाहीस. आठ महिने मी आत पडून तेच आठवायचो. हॉलिसने सांगितलं होतं आणि आपण सांभाळून गेलो नाही."

ताई, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मला पाणी विचारलं.

ऑर्फाने दार उघडलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि दार लावून घेतलं. मी टँटी इनिड असं नाव घेऊन बोललो, ते तुला कळावं म्हणून लिहितो. पोलिसांनी चार तास बसवून लिहून घेतलं. साहेब सगळं नाकारतात. ते म्हणतात, पाइप हॉलिसने स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालायला बदलला. त्यात खोटं अर्धंच आहे. मला बोलावणं आलं की मी पुन्हा येईन. आत जावं लागेल असं वकील म्हणतो.

हॉलिस

*

शार्लटव्हिल
१६ जून १९९६

प्रिय हॉलिस,

इकडचं कळवते. गाडी पोलिसांनी पुरावा म्हणून नेली. जॅकवरच्या गाडीचे फोटो काढले, मग ट्रकवर चढवली. निम्मं गाव बघायला आलं होतं. लिअरीचा खटला पुन्हा उघडायचा अर्ज आत गेला आहे. निकाल कधी लागेल ते कुणी सांगत नाही.

मीही स्कारबरोच्या चौकीत जाऊन एका पेल्याचं लिहून दिलं. त्याआधी लिअरीला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टीचर, मी सुटून आल्यापासून दोन वर्षं आपण भिंतीला भिंत लावून राहतो." एवढंच. मला वर्गात कुणी असं उभं केलं नव्हतं. दोन आठवडे आम्ही पुन्हा बोललो नाही. मग एका मंगळवारी तो स्वच्छ शर्ट घालून बस थांब्यावर आला. वाकला, कथबर्टना पाठीवर घेतलं आणि सीटवर नेऊन बसवलं. तेव्हापासून दोन्ही दिवस येतो.

डोंगराच्या माथ्यावर मात्र तो बस थांबवायला सांगायचा आणि उतरून पायी निघायचा. उतार संपेपर्यंत चालायचा, आम्ही खाली त्याची वाट बघायचो. पहिल्यांदा लोक कुरकुरले. नंतर गप्प बसायला शिकले. ड्रायव्हर इंजिन बंद करून सिगारेट ओढायचा. नळापाशी लिअरी थांबत नसे, पण टोपी काढायचा.

या मंगळवारी माथ्यावर बस थांबली आणि तो उठला नाही. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. मी मानेनेच खूण केली, चल. लिअरीने पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. कथबर्टनी डावा हात उचलून त्याच्या मनगटावर ठेवला. आम्ही उतरू लागलो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, समुद्र दिसला. नळ आला. तिथे कुणी नव्हतं, एक बादली होती. बस तिच्या शेजारून हळू गेली आणि खाली स्पेसाइडच्या शाळेसमोर थांबली.

लिअरीने डोळे उघडले. दांडीवरून हात काढायला त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "हिचे ब्रेक चांगले आहेत."

कथबर्ट हसले. बाकी कुणी हसलं नाही.

तुझी,
ताई